वन्स मोअर म्हणजे तेच गाणं

कार्यक्रमाचा फोटो छापून येतो तेव्हा मधोमध गायक असतो, त्याच्या शेजारी अध्यक्ष असतात आणि अगदी डाव्या कडेला, माइकच्या मागे, अर्धी साडी दिसते. ती साडी म्हणजे मी. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत तीसेक वर्षं निवेदन केलं, पण फोटोत अख्खी अशी क्वचितच आले. त्यामुळे ‘तुमच्या कामाबद्दल दिवाळी अंकासाठी लिहा’ असा फोन आला तेव्हा आधी मला हसूच आलं. निवेदन चांगलं झालं की कार्यक्रम छान झाला म्हणतात आणि वाईट झालं की बाई फार बोलल्या म्हणतात. यात लिहायचं काय?

तरी लिहिते. बोलायची सवय आहे, ती हातातही उतरते की काय ते पाहू.

निवेदन म्हणजे दोन गाण्यांच्या मधलं बोलणं, असं लोकांना वाटतं. ते वरवर खरं आहे. तबलजी हातोडी घेऊन तबला जुळवत असतो तेवढा वेळ प्रेक्षकांना जागेवर बसवून ठेवायचं, हे खरं काम. माइक बंद पडला की हसायचं. दिवे गेले की मोठ्यानं हसायचं. प्रमुख पाहुण्यांचे गुडघे कसे आहेत याची आधी चौकशी करायची, म्हणजे त्यांना पायऱ्या चढवायच्या की पुष्पगुच्छच खाली घेऊन जायचा हे ठरवता येतं. आणि पाहुणे बोलायचे थांबेनात तर? आधी पाण्याचा ग्लास पाठवायचा. तो पिऊनही ते सुरूच राहिले तर सरळ पुष्पगुच्छ घेऊन त्यांच्याकडे चालत जायचं. दोन्ही हातांत गुलाब आले की माणसाला कागद धरता येत नाही. मग तो बिचारा नमस्कारही न करता खाली बसतो. बोरिवलीला एका एकसष्टीत उत्सवमूर्तीच खुर्चीत झोपी गेले होते. मी म्हटलं, ‘गाण्यात किती तल्लीन झालेत पाहा,’ आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी ते जागे झाले आणि त्यांनी सगळ्यांना हात केला.

पण माझ्या धंद्याची एक जुनी खंत आहे, ती आधीच सांगून टाकते. गायकाला ‘वन्स मोअर’ मिळतो. नटाला मिळतो. ढोलकीवाल्यालासुद्धा मिळतो. निवेदिकेला फक्त ‘आवरा आता’ मिळतं.

आता त्या बँडची गोष्ट.

आमच्या मुलुंडच्या सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष पेडणेकर एक दिवस घरी आले. त्यांचा मुलगा निखिल फिनलंडला नोकरी करतो. सोफ्यावर नीट टेकायच्या आधीच म्हणाले, “बाई, या वेळी वर्धापनदिनाला इंटरनॅशनल प्रोग्राम. रॉक बँड. थेट फिनलंडचा.”

“पेडणेकर, आपल्या मंडळात सगळ्यात तरुण सभासद तुम्ही आहात,” मी म्हटलं. पेडणेकर तेव्हा सत्तरीला टेकले होते.

“म्हणून तर तुमच्याकडे आलो. निखिलचे मित्र आहेत ते. गोव्याला फिरायला चाललेत, जाता जाता वाजवतो म्हणाले. तुम्ही फक्त सांभाळा.”

‘तुम्ही फक्त सांभाळा’ हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा माझी वाट लागली आहे.

बँड तिघांचा होता. गाणी लिहिणारी आणि म्हणणारी आयनो, गिटारवाला मिक्को आणि ड्रमवाला यारी. यारी हे नाव आमच्या मंडळाला इतकं आवडलं की त्याला हाक मारायला लोक उगाचच आत डोकावत होते. तिघंही कमालीचे अबोल. विचारलं तेवढंच उत्तर, आणि तेही जरा विचार करून. चहा कसा आहे, असं मी यारीला विचारलं, तर तो इतका वेळ गप्प बसला की मला वाटलं चहात काही पडलं. मग म्हणाला, “चांगला आहे.”

निवेदनासाठी मला गाण्यांचे अर्थ हवे होते. मेकअप रूममध्ये आयनोला विचारत बसले. आमचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. दोघींचंही बेताचं, त्यामुळे छान जमलं. ती मला सरळ ‘शुभा’ म्हणत होती. त्यांच्याकडे ताई-बाई काही नसतं.

“तुमचं सगळ्यात आवडतं गाणं कशावर आहे?”

“बसवर.”

“कसली बस?”

“आमच्या गावची. बर्फात एक मुलगी स्टॉपवर उभी आहे. बस येत नाही.”

“मग?”

“मग काही नाही. येतच नाही.”

मी म्हटलं, हे मुलुंडला समजेल.

मग मी सहज विचारलं की पुढचा कार्यक्रम कुठे. तर तिघंही एकमेकांकडे पाहायला लागले. आयनोनं सांगितलं, पुढचा नाहीच. गावात त्यांचं गाणं ऐकायला तिचे वडील, वडिलांचे मित्र आणि बारचा मालक एवढेच यायचे. मालकाचा तर बारच होता, तो येणारच. यारीच्या घरी पाळणा हलायची वेळ आली होती, त्याला पक्की नोकरी हवी होती. मिक्को भावाच्या दुकानात बसणार होता. आयनो एका वृद्धाश्रमात अर्धवेळ काम करायची, ते आता पूर्णवेळ करणार होती. मुंबईतला हा एक कार्यक्रम, मग गोवा, मग बँड बंद. हे सगळं तिनं बसच्या गोष्टीइतक्याच शांतपणे सांगितलं. मला मात्र वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन वाजवणाऱ्या पोरांनी घरी जाऊन गिटार माळ्यावर टाकायची, हे काही मला बरं वाटेना.

दुपारी चारला तिसरी घंटा झाली. नटराजाला हार घालून नारळ फोडला तेव्हा यारी दचकला. समईच्या वाती पेटवल्या तेव्हा मिक्कोनं गिटार जरा मागे ओढली. मग पेडणेकरांनी तिघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शाल नंतर काढून ठेवायची असते हे कुणी सांगितलंच नाही. तिघांनीही पहिलं गाणं अंगावर शाल घेऊन वाजवलं, यारीचा नारळ ड्रमच्या पायाशी थरथरत होता, आणि समोर पुढच्या तीन रांगांनी रॉक म्हणून आधीच कानांत कापूस घातला होता.

पहिलं गाणं संपलं. टाळ्या बऱ्या होत्या. काहींनी एका कानातला कापूस काढला.

मग मी बसच्या गाण्याचं निवेदन केलं. म्हटलं, “आपल्याकडे बस येत नाही ती ट्रॅफिकमुळे आणि त्यांच्याकडे येत नाही ती बर्फामुळे. पण स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दोन्हीकडे सारखाच असतो.” लोक हसले. आयनो गायला लागली. तिचा आवाज ओरडणारा नव्हता. आधी हळू, जवळजवळ बोलल्यासारखा, आणि मग कडव्याच्या शेवटी तिघं मिळून असा काही दणका द्यायचे की खुर्च्यांचे हात धरावेत. पुन्हा हळू. पुन्हा दणका. बस दिसते आहे असं वाटायचं, आणि ती दुसरीच निघायची. गाणं संपलं. मग मधल्या रांगेतून दणदणीत आवाज आला, “वन्स मोअर!”

हा आवाज मी अंधारातही ओळखते. ते आमचे गावडेकाका. गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा सुरक्षारक्षकाची नोकरी केली, आता मुलाकडे मुलुंडला राहतात. संगीत नाटकाचा एक प्रयोग म्हणून त्यांनी कधी सोडला नाही. त्यांचा वन्स मोअर मिळाला म्हणजे गायकानं समजावं की आज काहीतरी घडलं. त्यांच्यामागून अख्ख्या सभागृहानं आरोळी उचलली.

आयनोनं वाकून आभार मानले आणि तिघांनी पुढचं गाणं सुरू केलं.

लोकांनी ते ऐकून घेतलं. संपल्यावर पुन्हा “वन्स मोअर!” बँड खूश. त्यांनी आणखी नवीन गाणं काढलं. आता प्रेक्षक चुळबुळायला लागले. मागून एक बाई म्हणाल्या, “अगो, तेच म्हणा ना, बसचं!” मी विंगेतून धावत गेले आणि आयनोच्या कानात सांगितलं की त्यांना तेच गाणं पाहिजे.

“पण ते आम्ही आत्ताच गायलो.”

“म्हणूनच.”

तिचा चेहरा पडला. मला वाटलं, दमली असेल. तिनं बसचं गाणं पुन्हा म्हटलं, या वेळी फार जपून, एकेक सूर तपासून ठेवल्यासारखा. संपल्यावर गावडेकाका उभेच राहिले, “वन्स मोअर!” तिनं तिसऱ्यांदा म्हटलं. शेवटी आवाज जरासा कापला. सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं, मी मध्यंतर जाहीर केलं आणि सगळे वड्याकडे पळाले.

मेकअप रूममध्ये गेले तर आयनो रडत होती. मिक्को गिटार खोक्यात घालत होता. यारी नारळाकडे बघत बसला होता.

“आम्ही पुढचा भाग करणार नाही,” मिक्को म्हणाला.

“का रे बाबा?”

“लोकांना आवडलं नाही. तेच गाणं तीनदा म्हणायला लावलं.”

मला काही उमजेना. आयनोनं डोळे पुसत समजावलं. त्यांच्याकडे शाळेत बाई म्हणतात, पुन्हा म्हण, कारण पहिल्यांदा चुकलेलं असतं. स्टुडिओतला माणूस म्हणतो, पुन्हा, कारण सूर हललेला असतो. त्यांच्याकडे लोकांना आवडलं की ते टाळ्या वाजवून आणखी एखादं गाणं मागतात. झालेलंच गाणं कुणी परत मागत नाही. “मी दुसऱ्यांदा इतकं नीट म्हटलं,” ती म्हणाली, “तरी त्या म्हाताऱ्यांना पटलं नाही. तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. एवढं काय चुकलं, मला कळतच नाही.”

बाई माझी! मी हसायला लागले ते मला आवरेना. आणि मी हसते आहे हे पाहून ती आणखी रडायला लागली. मग मी खूप समजावलं. आमच्याकडे हा सगळ्यात मोठा मान असतो, अगं, गायक वर्षानुवर्षं याची वाट पाहतात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सभ्यपणे मान हलवली. तिचा विश्वास बसला नव्हता. तुमच्या धंद्यात हे तुम्ही सगळ्यांनाच सांगत असणार, असा तो चेहरा होता. आणि खरं सांगायचं तर, आम्ही सांगतोच.

बाहेर मध्यंतर संपत आलं होतं. पेडणेकर दारातून दोनदा डोकावून गेले. माझं बोलणं कामाला येत नाही, असा प्रसंग माझ्यावर फार वेळा आलेला नाही. मग मी एकच केलं. कँटीनपाशी गेले, गावडेकाकांच्या हातातला वडा तसाच ठेवून त्यांना दंडाला धरलं आणि आत आणून उभं केलं. म्हटलं, “काका, हिला सांगा तुम्ही वन्स मोअर का दिलात. हिला वाटतंय तिचं चुकलं.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. इंग्रजीची पर्वा त्यांनी कधीच केलेली नाही.

“गो चेडवा, चुकला काय नाय,” ते म्हणाले. “माका तां गाणां घराक व्हरूचां आसा. पयल्यांदा आयकलां काय अर्धांच गावता. दुसऱ्यांदा चाल गावता. तिसऱ्यांदा म्हटलंस, आता ता माझां झाला. आता मी जातंय घराक ता घेवन.”

मी इंग्रजीत सांगितलं. यांना तुझं गाणं घरी न्यायचं होतं. एकदा ऐकून अर्धंच हाती लागतं, दुसऱ्यांदा चाल सापडते आणि तिसऱ्यांदा ते आपलं होतं. म्हणून.

आणि काकांनी काय करावं? त्यांनी तिथेच, वड्याच्या तेलकट बोटांनी मांडीवर ठेका धरून, बसचं गाणं म्हणायला सुरुवात केली. शब्द सगळे चुकीचे. काही फिनिश, काही मालवणी, काही कुठलेच नाहीत. पण चाल अचूक होती, आणि दणक्याच्या जागी त्यांनी बरोबर पाय आपटला. दुसऱ्या दणक्याला यारीनं आपसूक टेबलावर हात मारला.

मिक्कोनं गिटार खोक्यातून बाहेर काढली. मी धावत जाऊन घंटा द्यायला सांगितली.

त्यानंतरचं काय सांगू? गोवा राहिला बाजूला. एका कार्यक्रमावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. घाटकोपरला महिला मंडळानं बोलावलं. दहिसरच्या एका नव्या टॉवरच्या सोसायटीनं मुलांच्या वेशभूषा स्पर्धेनंतर ठेवलं. एक भाजीवाली आणि दोन सैनिक शेवटपर्यंत ड्रमच्या शेजारी बसून होते. माहुलला एका कोळी कुटुंबाच्या हळदीत तर यारीला बायकांनी अंगणात ओढलं आणि नाचवलं. एरवी चहाबद्दल मत द्यायला वेळ घेणारा हा माणूस तिथे घामानं निथळत “झकास, झकास” म्हणत होता. सगळीकडे बसच्या गाण्याला वन्स मोअर. आयनो आता वाटच पाहायची. टाळ्या झाल्या की हनुवटी जरा वर करून थांबायची, आणि आरोळी आली की तिघं एकमेकांकडे बघून हसायचे. ज्यांचं गाणं आपल्या गावात बारचा मालक नाइलाजानं ऐकायचा, त्यांना आमची उपनगरं डोक्यावर घेऊन नाचत होती.

फक्त अंधेरीला जरा गंमत झाली. तिथे तरुण मंडळी, सिनेमाच्या क्षेत्रातली. मला सुट्टी, माझ्या जागी एक अँकर मुलगा होता. तो दर दोन मिनिटांनी “आवाज येत नाहीये, अंधेरी!” म्हणून ओरडत होता. आजकाल निवेदनाची ही पद्धत आहे. प्रेक्षकांनाच कामाला लावायचं. मी मागे बसून पाहत होते. पोरांनी उभं राहून, फोन वर धरून सगळं टिपलं, शिट्ट्याही मारल्या, आणि बसच्या गाण्यानंतर जोरात “नेक्स्ट!” म्हटलं. आयनो हनुवटी वर करून थांबलेली तशीच राहिली. नंतर रिक्षात मला विचारते, “शुभा, आज काय चुकलं?”

“काही चुकलं नाही. त्यांनी गाणं फोनमध्ये घेतलं.”

ती विचार करून म्हणाली, “गावडेकाकांनी डोक्यात घेतलं होतं.”

निघायची वेळ आली. पेडणेकरांनी निरोपाचा कार्यक्रम पुन्हा त्याच नाट्यगृहात ठेवला, पुन्हा दुपारी चारला. या वेळी कापूस कुणाच्याच कानात नव्हता. शेवटी काय म्हणणार ते मी आयनोला आधीच इंग्रजीतून सांगितलं, कारण ते मला म्हणवत नव्हतं: ‘आयनो, मिक्को आणि यारी यांचा हा शेवटचा कार्यक्रम.’

ती म्हणाली, “बरोबर आहे. असंच म्हण.” मग तिनं मला ‘शेवटचा’ हा शब्द मराठीत कसा म्हणतात ते विचारून घेतलं.

मध्यंतरात मी आत गेले तर तिघं त्यांच्या भाषेत बोलत होते. आणि चक्क भराभर बोलत होते, एकमेकांना तोडून. यारी फोनवर बायकोशी बोलत होता आणि मधेच बाकीच्या दोघांना काहीतरी सांगत होता. मला वाटलं, सामानाचं चाललं असेल. मी वडे ठेवून बाहेर आले.

बसचं गाणं तीनदा झालं. दिवे थोडे कमी केले आणि मी माझ्या कडेला, माझ्या माइकपाशी गेले. साडी अर्धीच दिसत असणार. म्हटलं:

“मंडळी, एक बस येत नव्हती म्हणून एका मुलीनं गाणं केलं. ते तिच्या गावात कुणी ऐकलं नाही, ते आपण ऐकलं, आणि एकदा ऐकून आपलं भागलं नाही. पाहुणे आले की त्यांना जायचंच असतं. आयनो, मिक्को आणि यारी यांचा हा शेवटचा कार्यक्रम.”

टाळ्या झाल्या. मी मागे वळले. आणि विंगेतून, परक्या उच्चारात पण अगदी गावडेकाकांच्या थाटात, आवाज आला:

“वन्स मोअर!”

आयनो होती. मी तिला हातानं गप्प केलं. निवेदनाला वन्स मोअर नसतो, वेडे. पण सभागृह हसलं, आणि मग त्यांनीही ती आरोळी उचलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. माझे पाय मला माइककडे घेऊन गेले.

नियम मला ठाऊक आहे. तेच म्हणायचं असतं, जसंच्या तसं. मी पुन्हा सुरुवात केली. बस, मुलगी, गाव. ‘यांचा हा’ इथपर्यंत आले आणि का कोण जाणे, विंगेकडे पाहिलं. तिघं ओळीनं उभे होते. आयनो मान हलवत होती, नाही, नाही. मिक्कोही हलवत होता. यारीनं दोन्ही हात छातीशी धरून बाळ झुलवल्याची खूण केली आणि मग बोट आमच्या स्टेजकडे दाखवलं.

मला समजलं. बँड बंद होणार नव्हता, आणि बाळ झालं की ते इथेच परत येणार होते.

“आयनो, मिक्को आणि यारी यांचा हा,” मी म्हटलं, “या खेपेचा शेवटचा कार्यक्रम.”

सभागृहालाही ते समजलं. मग जो गलका उठला तो मला सांगता येणार नाही. मी डोळे पुसत होते, तेवढ्यात मधल्या रांगेत गावडेकाका उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा गंभीर होता. वन्स मोअरमध्ये फरक केलेला त्यांना चालत नाही, हे मी ओळखून आहे, आणि आता बोलणी खावी लागणार, असं मी धरूनच चालले होते.

“बाई,” ते म्हणाले, “बदललात तुमी.”

“हो काका. चुकलं.”

“चुकला काय नाय. पयल्यांदा चुकलेलात. आता बरोबर म्हटलात.” आणि खाली बसता बसता त्यांनी हात वर केला. “हां, आता ह्येका वन्स मोअर!”

मी ते तिसऱ्यांदा म्हटलं. आता ते माझं झालं आहे.